आयपीओ काढायचाय? आधी घरचे व्यवहार मोकळे करा

नाशिकच्या अंबड, सातपूर, सिन्नर, गोंदे इथल्या कारखानदारांकडून हल्ली मला एकच प्रश्न येतो : "मॅडम, आपली पण कंपनी लिस्ट होईल का?" विचारणाऱ्याच्या मोबाइलवर बहुतेक वेळा कुठल्यातरी छोट्या कंपनीचा इश्यू तीनशे-चारशे पट भरल्याची बातमी उघडी असते. मी कंपनी सेक्रेटरी, ऑफिस कॅनडा कॉर्नरला. प्रायव्हेट लिमिटेड कंपन्यांचे फॉर्म, ठराव, रजिस्टर हे माझं रोजचं काम. आयपीओची, म्हणजे कंपनीचे शेअर पहिल्यांदा लोकांना विकून शेअर बाजारात लिस्ट करायची कामं त्या मानानं थोडी. पण जी पार पडली आणि जी अर्ध्यात बंद पडली, ती बघून एक मत पक्कं झालंय. आपल्याकडची कंपनी नफ्यावर क्वचित अडते, ती अडते घरातल्या व्यवहारांवर. म्हणून मर्चंट बँकरला, म्हणजे इश्यू बाजारात आणून देणाऱ्याला, फोन करायच्या दोन-तीन वर्षं आधीपासून काय करायचं, त्यावरच मी इथं जास्त बोलणार आहे. बाकीचं करायला फी घेणारे लोक भरपूर आहेत.

पैसा कुणाला हवाय?

पहिला प्रश्न हाच. कंपनीला हवाय की तुम्हाला?

आपली वाइनवाली सुला डिसेंबर २०२२ मध्ये लिस्ट झाली, ३५७ रुपयांना. इश्यू साधारण ९६० कोटींचा. त्यातला एक रुपयाही कंपनीच्या खात्यात आला नाही, कारण सगळा इश्यू ऑफर फॉर सेल होता : जुन्या भागधारकांनी आपले शेअर विकले, पैसे त्यांना मिळाले. यात गैर काहीच नाही, मोठ्या कंपन्यांत हे चालतं. पण छोट्या कंपन्यांसाठीच्या एसएमई बाजारात सेबीनं, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकानं, २०२५ च्या दुरुस्तीत हे दार बरंच लोटलंय. इश्यूच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त भाग ऑफर फॉर सेलचा ठेवता येत नाही, आणि विकणाऱ्याला स्वतःकडच्या निम्म्यापेक्षा जास्त शेअर विकता येत नाहीत. शिवाय इश्यूच्या पैशातून प्रमोटरचं (कंपनीच्या मूळ मालकाचं) किंवा त्याच्या नातलगांचं कर्ज फेडायलाही बंदी आहे. म्हणजे धाकट्या भावाला वाटा देऊन मोकळं करायचं असेल किंवा कंपनीत टाकलेले उसने पैसे परत काढायचे असतील, तर एसएमई आयपीओ हा रस्ता नाही. दुसऱ्या बैठकीत हे सांगितलं की निम्मे लोक तिसऱ्या बैठकीला येत नाहीत.

नवीन मशिन, नवीन शेड, खेळतं भांडवल यासाठी पैसा हवा असेल तर बोलू. तरीही आधी बँकेचा पर्याय बघा. छोट्या उद्योगांच्या कर्जाला हमी देणाऱ्या सीजीटीएमएसई योजनेची हमी एप्रिल २०२५ पासून १० कोटींपर्यंतच्या कर्जाला मिळते, तारण कमी असलं तरी भागतं. आणि भांडवलच हवं असेल तरी बाजारातच उतरावं लागतं असं नाही. मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सनं २०२२ मध्ये युरोपातल्या गुंतवणूकदारांकडून ३१० कोटी उभे केले, तेही लिस्ट न होता.

दोन दारं

मेन बोर्डावर, म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या बाजारात, नफ्याच्या निकषातून जायचं तर मागच्या तीन वर्षांत सरासरी १५ कोटींचा ऑपरेटिंग नफा लागतो, तिन्ही वर्षं नफ्याची हवीत, नेट टँजिबल ॲसेट्स (देणी वजा जाता ठोस मालमत्ता) दरवर्षी किमान ३ कोटी आणि नेटवर्थ किमान १ कोटी. आपल्याकडच्या बहुतेक युनिट्सचा प्रश्न इथंच मिटतो. उरतात छोट्या कंपन्यांचे दोन बाजार, बीएसई एसएमई आणि एनएसई इमर्ज, दोन्ही २०१२ साली सुरू झालेले. इथं इश्यूनंतरचं भरणा भांडवल २५ कोटींच्या आत असावं लागतं, आणि आता मागच्या तीनपैकी कुठल्याही दोन वर्षांत किमान १ कोटीचा ऑपरेटिंग नफा दाखवावा लागतो. याशिवाय दोन्ही एक्स्चेंजचे आपापले नियम आहेत.

त्यातला एनएसईचा एक नियम नाशिककरांना टोचतो. सप्टेंबर २०२४ पासून तीनपैकी दोन वर्षांत फ्री कॅश फ्लो टू इक्विटी पॉझिटिव्ह लागतो. साध्या भाषेत, नफा कागदावर दिसून उपयोग नाही, धंद्यातून रोकड उरलेली दिसली पाहिजे. मोठ्या गाडी कंपनीला माल देणाऱ्यांचं काय होतं, ते तुम्हाला ठाऊकच आहे. बिल नव्वद दिवसांनी सुटतं, पत्र्याचे पैसे मात्र आगाऊ. विक्री वाढली की उधारी वाढते, नफा वाढतो आणि खात्यात खडखडाट. म्हणून पहिलं काम म्हणजे मागच्या तीन वर्षांचं कॅश फ्लो स्टेटमेंट सीएकडून मागवा आणि स्वतः वाचा. ताळेबंदाच्या मागं स्टेपल केलेलं ते पान आजवर किती मालकांनी उघडलंय, हा प्रश्न मी विचारत नाही.

घर आवरणं

आता मुख्य काम. उदाहरणासाठी अंबडमधलं एक प्रेस पार्ट्सचं युनिट घ्या. माझ्याकडे आलेल्या तीन-चार कंपन्या मिळून ते तयार झालंय, त्यामुळे कुणी स्वतःला शोधू नये. थोरले अण्णा कंपनी बघतात, धाकटा भाऊ शेजारच्या गाळ्यात पावडर कोटिंग करतो, वहिनी संचालक आहेत, वडिलांनी भागीदारीत सुरू केलेल्या धंद्याची पुढे प्रायव्हेट लिमिटेड झाली.

जमिनीपासून सुरुवात करू. एमआयडीसीचा प्लॉट ९५ वर्षांच्या लीजवर असतो. अण्णांच्या प्लॉटचा करार अजून जुन्या भागीदारी फर्मच्या नावावर. कंपनी तिथं इतकी वर्षं उत्पादन करतेय, वीजबिल कंपनीच्या नावावर, कर्ज कंपनीच्या नावावर, जमीन मात्र जी फर्म कागदावरही उरली नाही तिच्या नावावर. प्रॉस्पेक्टसमध्ये (इश्यूच्या माहितीपत्रकात) मालमत्तेचं स्वतंत्र प्रकरण असतं आणि तिथं लीज डीड जोडून दाखवावं लागतं. हस्तांतरणाला एमआयडीसीची परवानगी आणि शुल्क लागतं. उद्योग भवनातली फाइल आपल्या सोयीनं हलत नाही, हे मला सांगायची गरज नाही. हे काम सर्वांत आधी हाती घ्या.

मग भंगार. प्रेस शॉपमध्ये कात्रण निघणारच. मर्चंट बँकरची माणसं सोपा हिशोब मांडतात. वर्षभरात १०० टन पत्रा आला. ड्रॉइंगवरच्या नेट वजनानुसार ७२ टनांचे पार्ट गेले. म्हणजे कात्रण २८ टन असायला हवी. पुस्तकात विक्री १९ टनांची. उरलेले ९ टन कुठं आहेत? अण्णा म्हणाले, "अहो, ते दिवाळीच्या बोनसला वापरतो." बोनस दिला हे खरं असेलही, पण पुस्तकात नसलेली विक्री म्हणजे जीएसटी बुडला, आयकर बुडला आणि ऑडिटरची सही अडली. यावर उपाय एकच : येत्या १ एप्रिलपासून प्रत्येक गाडी वजनकाट्यावरून जाईल, पावती फाइलला लागेल, टॅक्स इन्व्हॉइस निघेल, भंगार घेणाऱ्याकडून टीसीएस (विक्रेत्यानं गोळा करायचा आयकर) घेतला जाईल आणि पैसे बँकेत येतील. मागच्या वर्षांचं काय करायचं ते सीएशी बसून ठरवा आणि जो कर निघेल तो भरा. मागच्या तारखांची बिलं तयार करू नका. वजनकाट्याचा रेकॉर्ड तुमच्याकडे नसला तरी भंगारवाल्याकडे असतो.

धाकट्या भावाचं पावडर कोटिंग हा संबंधित व्यक्तींमधला व्यवहार. तो करायला बंदी नाही. प्रश्न भावाचा आहे, म्हणजे दराचा! बाहेरचा कोटर चौरस फुटाला जो दर लावतो त्यापेक्षा भावाचा दर जास्त असेल तर कंपनीचा नफा भावाकडे चाललाय असा अर्थ निघतो. कमी असेल तर भाऊ कंपनीचा नफा फुगवतोय. दोन्ही वाईट. दरवर्षी बाहेरची दोन-तीन कोटेशन्स घेऊन फाइलला ठेवा, लेखी करार करा, संचालक मंडळात ठराव घ्या. भावाचं युनिट कंपनीसारखाच माल बनवत असेल तर प्रकरण आणखी चिघळतं. तिथं एकतर ते युनिट कंपनीत विलीन करा, नाहीतर स्पर्धा न करण्याचा करार करा. ही बोलणी घरात जेवताना करू नका. दोन्ही भावांचे सीए बोलावून माझ्यासारख्या तिसऱ्या माणसासमोर करा, म्हणजे नंतर "मी असं म्हटलंच नव्हतं" हे ऐकावं लागत नाही.

संचालकांचं कर्ज हे चौथं. गरज पडली की अण्णांनी कंपनीत पैसे टाकले, गरज पडली की काढले. खात्यात शेकडो नोंदी, व्याज कधी लावलं कधी नाही. इश्यूच्या पैशातून ते फेडता येत नाही, हे वर आलंच. भांडवलात बदलायचं असेल तर व्हॅल्युएशन करून, वेळेत बदला. इश्यूच्या आधीच्या वर्षभरात इश्यूच्या भावापेक्षा स्वस्तात घेतलेले शेअर प्रमोटरनं सक्तीनं स्वतःकडे ठेवायच्या २० टक्क्यांत धरले जात नाहीत. घाई केली की इथंच फसतं.

आता ज्या कामात माझे सगळ्यात जास्त दिवस जातात ते. कंपनी स्थापन झाल्या दिवसापासून आजपर्यंत प्रत्येक शेअर कुणाला, कधी, किती रुपयांना दिला, कुणाकडून कुणाकडे गेला, याचा तक्ता प्रॉस्पेक्टसमध्ये छापावा लागतो. २००६ मध्ये एमसीए २१ ही कंपनी खात्याची ऑनलाइन यंत्रणा आली, तिच्या आधीचं सगळं कागदावर. जुन्या अकाउंटंटनं वाटपाचा फॉर्म भरला होता का? चलन कुठंय? काकांचे शेअर अण्णांच्या नावावर झाले तेव्हा ट्रान्सफर फॉर्मवर स्टँप लावला होता का? काका आता नाहीत, सही कुणाची घेणार? कंपनी रजिस्ट्रारकडच्या फाइलींचा शोध घेऊन सर्च रिपोर्ट बनवावा लागतो, जे मिळत नाही त्याचं जोखीम प्रकरणात स्पष्ट निवेदन द्यावं लागतं, आणि जिथं कायद्याचं उल्लंघन झालंय तिथं दंड भरून निपटारा करून घ्यावा लागतो. कधीकाळी डीलरांना, फोरमनला, साडूला "थोडे शेअर घ्या" म्हणून वाटले असतील तर तेही आत्ताच सांगा. खासगी वाटपाचे नियम मोडले असतील तर ते निपटायला वेळ लागतो. लपवलेली गोष्ट ड्राफ्ट दाखल झाल्यावर बाहेर आली की इश्यूच थांबतो.

शेवटी खटले. कंपनी, प्रमोटर आणि संचालक या तिघांवरच्या फौजदारी केसेस आणि कराच्या मागण्या छापाव्या लागतात. चेक बाउन्सची जुनी केस, पीएफची नोटीस, आयकर पोर्टलवर पडून असलेली काही हजारांची डिमांड, सगळं. आज संध्याकाळी बसून प्रत्येक संचालकाचं आयकर पोर्टलचं लॉगिन उघडा. तिथं काय सापडतं त्यावर पुढची चर्चा करू.

प्रायव्हेट शब्द काढणं

याला जास्त वेळ लागत नाही, पण त्याच्या मागून येणारं काम लांबतं. सात भागधारक आणि तीन संचालक हवेत. सर्वसाधारण सभेत विशेष ठराव, म्हणजे तीन चतुर्थांश मतं. आर्टिकल्स (कंपनीची नियमावली) बदलायचे, ठरावाचा एमजीटी-१४ फॉर्म तीस दिवसांत भरायचा, मग रूपांतराचा आयएनसी-२७. नवं प्रमाणपत्र आलं की नावातून 'प्रायव्हेट' जातं आणि मग पॅन, जीएसटी, बँका, फॅक्टरी लायसन, प्रदूषण मंडळाची संमती, महावितरणचं कनेक्शन, पीएफ, ईएसआय, आयात-निर्यात कोड, एमआयडीसी, सगळीकडे नाव बदलत फिरायचं. हे सगळे परवाने प्रॉस्पेक्टसमध्ये मुदतीसह येतात, त्यामुळे नूतनीकरण राहिलं असेल तर तेही याच फेरीत उरका. सगळे शेअर डीमॅट करून आयसिन हा शेअरचा ओळख नंबरही घ्यायचा.

मंडळात किमान एक तृतीयांश स्वतंत्र संचालक आणि एक महिला संचालक लागते. वहिनींना महिला संचालक दाखवायची कल्पना सगळ्यांनाच सुचते आणि कायद्यात बसतेही. मात्र प्रॉस्पेक्टसवर वहिनींचीही सही असते. त्यात खोटं छापलं गेलं तर कंपनी कायद्याच्या कलम ३४ मधून प्रकरण कलम ४४७ पर्यंत जातं आणि तिथं दहा वर्षांपर्यंतची कैद आहे. तेव्हा सही करण्यापूर्वी वहिनींनी मसुदा वाचावा, आणि समजलं नाही तिथं प्रश्न विचारावेत. माझ्या अनुभवात सगळ्यात नेमके प्रश्न त्याच विचारतात.

पूर्णवेळ सीएफओ (मुख्य वित्त अधिकारी) आणि पूर्णवेळ कंपनी सेक्रेटरी नेमावी लागते. माझ्यासारखी प्रॅक्टिसवाली चालत नाही, पगारावरचीच हवी. ऑडिटरकडे आयसीएआय या सीएंच्या संस्थेचं पीअर रिव्ह्यू (कामाच्या तपासणीचं) प्रमाणपत्र लागतं. तुमच्या वर्षानुवर्षांच्या सीएकडे ते नसेल तर त्यांना घ्यायला सांगा किंवा दुसरा नेमा. इथं भावनेचा प्रश्न होतो, पण इलाज नाही. एसएमईवर लिस्ट होणाऱ्या कंपनीला इंड-एएस या किचकट हिशोब मानकांची सक्ती नाही, एवढा दिलासा आहे.

आकड्यांचं गणित

भाव किती मिळेल हे सगळे विचारतात. किती हिस्सा जाईल, हे कमी लोक विचारतात. एक उदाहरण करू.

अण्णांच्या कंपनीचं भरणा भांडवल दीड कोटी, म्हणजे १० रुपयांचे १५ लाख शेअर. रिझर्व्ह चांगले आहेत. एका शेअरमागे चार बोनस शेअर दिले की ७५ लाख शेअर होतात. त्यासाठी ६ कोटी रिझर्व्हमधून भांडवलात जातील आणि त्याआधी अधिकृत भांडवल वाढवावं लागेल, त्याची फी वेगळी. आता २७ लाख नवे शेअर विकायला काढले. एकूण १ कोटी २ लाख. जनतेकडे साडेसव्वीस टक्के, कारण किमान २५ टक्के द्यावेच लागतात. भाव ९६ रुपये धरला तर २५ कोटी ९२ लाख उभे राहतात. करानंतरचा नफा ५ कोटी असेल तर नव्या शेअरसंख्येवर ईपीएस (एका शेअरमागचा नफा) सुमारे ४ रुपये ९० पैसे, म्हणजे पीई (भाव नफ्याच्या किती पट) साडेएकोणीसच्या आसपास. त्याच धंद्यातल्या लिस्टेड कंपन्यांचा पीई यापेक्षा कमी असेल तर गुंतवणूकदार विचारणारच की तुमच्यात असं काय आहे. याचं उत्तर आधी स्वतःला द्या.

अण्णांच्या कुटुंबाकडे साडेत्र्याहत्तर टक्के उरले. त्यातले एकूण भांडवलाच्या २० टक्के, म्हणजे २० लाख ४० हजार शेअर तीन वर्षं लॉक, विकता येत नाहीत. उरलेल्यातले निम्मे एक वर्ष आणि निम्मे दोन वर्षं लॉक. म्हणून लिस्टिंगच्या दिवशी भाव दुप्पट झाला तरी ती श्रीमंती फक्त स्क्रीनवरची. मुलीचं लग्न त्यावर ठरवू नका.

अर्ज करणाऱ्याच्या बाजूनंही बघा. १,२०० शेअरचा लॉट असेल तर आता किमान दोन लॉट, म्हणजे २ लाख ३० हजार ४०० रुपये. सेबीनं ही मर्यादा मुद्दाम दोन लाखांच्या वर नेली, कारण थोड्या पैशांवर नशीब आजमावणाऱ्या छोट्या गुंतवणूकदारांना या बाजारापासून लांब ठेवायचं आहे. त्यामुळे कामगारांना आणि नातेवाइकांना "भरा रे, आपलाच आहे" असं सांगत फिरू नका. त्यांना परवडणारा तो सौदा नाही.

मर्चंट बँकर निवडताना

सेबीकडे नोंदणी आहे का ते सेबीच्या संकेतस्थळावर तपासा. मग त्यानं मागच्या दोन-तीन वर्षांत आणलेल्या इश्यूंचे आजचे भाव बघा, पहिल्या दिवसाचे नव्हे. एसएमई इश्यू शंभर टक्के अंडरराइट झालेला (न खपलेले शेअर घ्यायची हमी मिळालेला) असावा लागतो आणि त्यातले किमान १५ टक्के लीड मॅनेजरनं, म्हणजे मर्चंट बँकरनं, स्वतःच्या खात्यावर घ्यायचे असतात. शिवाय तीन वर्षांसाठी मार्केट मेकर लागतो, जो खरेदी-विक्रीचे दोन्ही भाव लावून बसतो. इश्यूतले किमान ५ टक्के त्याच्यासाठी राखायचे. आपल्या उदाहरणात १ लाख ३५ हजार शेअर. मार्केट मेकर कोण आणि त्याला काय देणार, हे पहिल्याच बैठकीत लेखी घ्या.

फी किती योग्य? मला विचारण्यापेक्षा एक सोपं काम करा. तुमच्याच आकाराच्या तीन-चार अलीकडच्या इश्यूंचे प्रॉस्पेक्टस एक्स्चेंजच्या संकेतस्थळावरून उतरवा आणि इश्यूच्या उद्देशांचं प्रकरण उघडा. त्यात इश्यूच्या खर्चाचा तक्ता असतो : लीड मॅनेजर, रजिस्ट्रार, वकील, जाहिरात, सगळं ओळीनं. तो घेऊन वाटाघाटीला बसा. समोरच्याचा सूर लगेच बदलतो.

आणि एक प्रकारचा माणूस हमखास भेटतो. गंगापूर रोडवरच्या हॉटेलात कॉफी पाजतो, मर्चंट बँकर "आपला" असतो, "सबस्क्रिप्शनची काळजी सोडा" म्हणतो, फी नको म्हणतो. त्याला हवे असतात इश्यूच्या आधीच्या दरानं शेअर, ते पण दुसऱ्याच्या नावावर. मार्च २०२४ मध्ये सेबीच्या तेव्हाच्या अध्यक्ष माधवी पुरी बुच यांनी एसएमई बाजारात भाव चढवण्याच्या खुणा दिसतात असं जाहीर बोलून दाखवलं होतं, ते अशाच मंडळींबद्दल. कॉफीचे पैसे आपण द्या आणि उठा.

मसुदा

प्रॉस्पेक्टसच्या मसुद्याला ड्राफ्ट रेड हेरिंग प्रॉस्पेक्टस म्हणतात. तो आता २१ दिवस लोकांच्या हरकतींसाठी खुला ठेवावा लागतो, वर्तमानपत्रात जाहिरात देऊन. तुमचा नाराज जुना भागीदार, काढून टाकलेला मॅनेजर, थकबाकी असलेला पुरवठादार, सगळे तो वाचणार. भांडणं आधी मिटवा, असं मी म्हणते ते यासाठी.

पैसा कशाला हवाय, हे प्रकरण सगळ्यात बारकाईनं वाचलं जातं. "मशिनरी ९ कोटी" एवढं चालत नाही. कोणतं मशिन, किती टनांची प्रेस, कुणाचं कोटेशन, कोणत्या तारखेचं, मुदत कधीपर्यंत, हे लागतं. तो विक्रेता खरोखर मशिन विकतो का, हेही बघा. २०२४ मध्ये सेबीनं बीएसई एसएमईवरच्या एका कंपनीचं लिस्टिंग रोखलं आणि गुंतवणूकदारांचे पैसे परत करायला लावले. ज्या विक्रेत्याकडून सॉफ्टवेअर घेणार असं लिहिलं होतं, तो विक्रेताच संशयास्पद निघाला होता. तेव्हा आपल्या मेव्हण्याच्या ट्रेडिंग फर्मचं कोटेशन लावायचा मोह आवरा. सर्वसाधारण कामकाजासाठी म्हणून ठेवायची रक्कमही इश्यूच्या १५ टक्के किंवा १० कोटी यांत जी कमी ती. आपल्या उदाहरणात ३ कोटी ८८ लाख.

ग्राहकांच्या यादीवर अण्णांची बोलती बंद झाली होती. विक्रीचा मोठा हिस्सा एकाच गाडी कंपनीकडून. हे लपवता येत नाही आणि लपवायचं कारणही नाही. जोखमीच्या प्रकरणात सरळ लिहायचं, टक्केवारीसह. सोबत तो ग्राहक किती वर्षांपासून आहे, दुसरे कोणते जोडतोय, तेही.

मुंबईच्या फेऱ्या

एसएमई इश्यूचा मसुदा सेबी तपासत नाही, एक्स्चेंज तपासतं. त्यांची माणसं कारखाना बघायला येतात, प्रमोटरला प्रश्न विचारतात. पंचवटी एक्स्प्रेसनं सकाळी निघालात तर बीकेसीत दुपारच्या बैठकीला आरामात पोचता. सोबत सल्लागारांची फौज नेऊ नका. धंदा तुमचा, उत्तरं तुम्हीच द्या. "मागच्या वर्षी मार्जिन अचानक कसं वाढलं?" याचं उत्तर पत्र्याच्या भावात आणि मशिनच्या वापरात असतं, आणि ते अण्णांइतकं कुणालाच ठाऊक नसतं. मराठीत सांगितलंत तरी चालतं.

तत्त्वतः मंजुरी आली की पुढचं वेगात होतं. प्राइस बँड जाहीर, वरचा भाव खालच्या भावाच्या १२० टक्क्यांपेक्षा जास्त नाही. इश्यू किमान तीन दिवस उघडा. अर्जदाराचे पैसे त्याच्याच बँक खात्यात अडवून ठेवले जातात, शेअर मिळाले तरच वळते होतात. बंद झाल्यापासून तिसऱ्या कामकाजाच्या दिवशी लिस्टिंग. जुलै २०२४ पासून एनएसईनं एसएमईच्या पहिल्या भावावर इश्यूच्या भावापेक्षा ९० टक्के वर एवढंच कुंपण घातलंय. फोटो काढा, पेढे वाटा, संध्याकाळी परत या.

लिस्टिंगनंतरची सोमवार सकाळ

आता कंपनीची बातमी तुमची राहिली नाही. मोठी ऑर्डर मिळाली तर ती आधी एक्स्चेंजला कळवायची, मग निमाच्या (आपल्या कारखानदारांच्या संघटनेच्या) बैठकीत किंवा लग्नाच्या पंगतीत. कुणाला कोणती न जाहीर झालेली माहिती कधी दिली, याची नोंद डिजिटल डेटाबेसमध्ये ठेवावी लागते. सीए, वकील, बँक मॅनेजर सगळे त्यात येतात. हिशोबाचा कालावधी संपल्यापासून निकाल जाहीर होऊन ४८ तास उलटेपर्यंत तुम्ही आणि घरातले कंपनीचे शेअर घेऊ-विकू शकत नाही. मुलानं कॉलेजातून हौसेनं शंभर शेअर घेतले तरी खुलासा तुम्हालाच द्यावा लागतो, म्हणून घरच्या सगळ्यांचे डीमॅट नंबर कंपनी सेक्रेटरीकडे देऊन ठेवा.

इश्यूचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवा आणि जे लिहिलं त्यालाच खर्च करा. मशिनचा मेक बदलला, दर बदलला, तर आधी विचारा. भागधारकांच्या ठरावाची गरज आहे का, ते बघावं लागतं. "पैसे पडून आहेत तर आधी पत्र्याचं बिल देऊ" हे वाक्य मी ऐकलं की खुर्चीतून उठते.

आणि फोन येतील. भाव इश्यूच्या खाली गेला की अनोळखी नंबरवरून कुणीतरी गोड बोलेल : "सर, तुमच्या शेअरमध्ये व्हॉल्यूम आणून देतो, फक्त एक बातमी सोडा आणि थोडे शेअर बाजूला काढा." घरातल्या कुणाचे शेअर लॉकमधून कधी सुटतात, हेही त्याला ठाऊक असतं, कारण ते प्रॉस्पेक्टसमध्येच छापलंय. फोन ठेवून द्या, नंबर आणि वेळ कागदावर लिहा, आणि तो कागद त्याच दिवशी कंपनी सेक्रेटरीच्या टेबलावर ठेवा.